माळ्यावरची पेटी

आमच्या कोकणात पाऊस लागला की आधी दारं रुसून बसतात. मे महिन्यात बोटाने ढकललं तरी लागणारं दार आषाढात खांदा लावल्याशिवाय लागत नाही, आणि एकदा लागलं की उघडत नाही. रत्नागिरीकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, आणि त्यातला बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत! एवढं पाणी हवेत भरल्यावर बिचाऱ्या लाकडाने तरी काय करावं? दरवर्षी आपण म्हणतो, ‘पाऊस जाऊ दे, मग सुताराला बोलवू.’ पाऊस जातो, दार आपोआप आक्रसतं, आणि सुताराची आठवण पुढच्या आषाढापर्यंत कुणालाही होत नाही. आमच्या घरीही अगदी असंच चाललं होतं. २०२२ च्या जुलैपर्यंत.

त्या दिवशी दुपारी घरात मी आणि सासूबाई दोघीच होतो. हे कामावर, मुलगी शाळेत. सासूबाई मागच्या पडवीतल्या न्हाणीघरात गेल्या आणि सवयीप्रमाणे दार ओढून घेतलं. पाऊस तर असा कोसळत होता की कौलांवरच्या आवाजात दुसरं काही ऐकू येईना. बऱ्याच वेळाने मला ठकठक ऐकू आली. गेले तर आतून सासूबाईंचा आवाज, ‘‘अगं, दार उघडत नाहीये गं!’’

मी म्हटलं, त्यात काय, बाहेरून ओढते. कडी धरून जोर लावला, तर कडी स्क्रूंसकट माझ्या हातात आली! स्क्रू गंजून गेले होते. आता धरून ओढायलाही काही उरलं नाही. मी धावत स्वयंपाकघरातून उलथनं आणलं, फटीत घातलं, ते वाकलं. सुरी आणली, तिचं टोक मोडलं. शेजारी हाका मारल्या, पावसात कुणाला ऐकू जाणार! फोन केला तर ह्यांना यायला तास तरी लागणार. आत सत्तरीच्या सासूबाई, ओल्या अंगाने. त्यांना दम्याचा त्रास. त्यांचा खोकला मला ऐकू येऊ लागला, आणि मला खरंच रडू फुटायच्या बेतात आलं.

मैत्रिणींनो, त्या वेळी माझ्या मनात काय आलं सांगू? बी. ए. झाले, शाळेत अर्धवेळ का होईना पण शिकवते, दहा माणसांचा स्वयंपाक एकटीने करते, आणि माझ्याच घराचं एक दार मला उघडता येऊ नये!

तेवढ्यात आतून आवाज आला, ‘‘माळ्यावर ह्यांची पेटी आहे. ती काढ. किल्ली देव्हाऱ्याच्या खणात आहे.’’

मी क्षणभर जागच्या जागी थांबले. ती पेटी म्हणजे माझ्या सासऱ्यांची हत्यारांची पेटी. त्यांना घरात आणि गावातही सगळे अण्णा म्हणत. अण्णा नोकरी करायचे कचेरीत, पण जीव सारा सुतारकामात. घरातले पाट, चौरंग, मांडणी, माझ्या मुलीचा पाळणा, सगळं त्यांच्या हातचं. २०१६ साली ते गेले, आणि सासूबाईंनी पेटीला कुलूप घालून ती माळ्यावर ठेवली. दिवाळीच्या साफसफाईतसुद्धा तिच्यावरची धूळ त्या स्वतःच पुसत. ‘त्यांच्या हत्यारांना कुणी हात लावायचा नाही,’ एवढंच त्यांचं म्हणणं. आम्हीही कधी लावला नाही.

टेबलावर चढून मी पेटी उघडली. आत सगळं फडक्यात गुंडाळून ठेवलेलं. मला त्यातलं ओळखू आलं ते फक्त हातोडी आणि करवत. एक रुंद, चपटं, लाकडी मुठीचं हत्यार होतं, त्याचं पातं फटीत जाईलसं वाटलं. ते घेऊन धावले. दाराच्या आणि चौकटीच्या फटीत घातलं, वरून हातोडीचे घाव घातले आणि अंगातला सगळा जोर लावून उचकटलं. ‘कट्’ असा आवाज झाला आणि दार उघडलं.

सासूबाई बाहेर आल्या. थरथरत होत्या. मी टॉवेल पुढे केला, पण त्यांची नजर माझ्या हाताकडे. पात्याचा एक कोपरा उडाला होता.

‘‘एक इंची पटाशी,’’ त्या हळूच म्हणाल्या. ‘‘लग्नाच्या आधी घेतलेली त्यांनी.’’ आणि आत निघून गेल्या. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्या रात्री मला झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी गावातल्या सुतारांकडे निरोप धाडला. पण गणपती दीड महिन्यावर आलेले. आमच्याकडे गणपतीच्या आधी सुतार मिळणं म्हणजे लग्नसराईत आचारी मिळण्यासारखं! कुणाचा चौरंग, कुणाचं मखर, कुणाची माटवी. ‘गणपती झाल्यावर बघू,’ असं उत्तर आलं. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, ‘‘प्लॅस्टिकचं दार बसवून टाका, कटकट संपली.’’ सल्ला खोटा नव्हता. न्हाणीघराला तसली दारं आता पुष्कळ घरी असतात आणि ती फुगत नाहीत. पण मला सतावत होतं ते दार नव्हतं, ती पटाशी होती. शेवटी फडक्यात गुंडाळली आणि पिशवीत घालून बाजारपेठेतल्या एका जुन्या सुतारकाकांच्या दुकानी गेले.

काकांनी पटाशी हातात घेतली, उलटीसुलटी पाहिली आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघत विचारलं, ‘‘अण्णांची सून ना तुम्ही? हे कुणी केलं?’’

‘‘मी,’’ म्हटलं. ‘‘दार उचकटलं.’’

‘‘वहिनी, पटाशी कापायला असते, उचकटायला नाही. विळीने कधी नारळ फोडता का?’’

मला हसूच आलं. पण काकांचं ते एक वाक्य मी गाठीला बांधलं. स्वयंपाकघरात आपल्याला हे कुणी शिकवावं लागत नाही. किसणीचं काम विळी करत नाही, झाऱ्याचं काम डाव करत नाही. लाकूडकामातही अगदी तेच आहे. रंधा म्हणजे लाकडाची किसणीच, पातळ साल काढणारी. करवत म्हणजे दातांची विळी. आपण हातोडीने, पक्कडीने, अडकित्त्याने सगळी कामं करू बघतो आणि मग म्हणतो, ‘हे बायकांचं काम नव्हे, याला ताकद लागते.’ ताकद फार थोडी लागते. नेमकं हत्यार लागतं, आणि त्याला धार लागते.

काकांनी पटाशीचा उडालेला भाग चाकावर घासून काढला. मधूनमधून पातं पाण्यात बुडवत होते. विचारलं तर म्हणाले, पोलाद तापून निळं पडलं की त्याचा कडकपणा जातो, मग धार टिकत नाही. नंतर धारेच्या दगडावर तेल टाकून उतरती बाजू घासली आणि सपाट बाजू दगडावर अगदी आडवी टेकवून दोन-चार वेळा फिरवली. सपाट बाजू कधी उचलायची नाही, एवढं लक्षात ठेवा म्हणाले. मग मनगटावरचे दोन केस त्यांनी त्या पटाशीने अल्लद काढून दाखवले! मी चकितच झाले. पटाशी जराशी आखूड झाली होती, एवढंच.

मी धीर करून विचारलं, ‘‘काका, दार मला दुरुस्त करता येईल का?’’

त्यांना वेळ नव्हता, पण अण्णांची आठवण होती. पुढचे चार शनिवार शाळा सुटली की मी तासभर दुकानात एका स्टुलावर बसत असे. ते चौरंगांचे पाय करत आणि मला सांगत. जे कळलं ते तुम्हालाही सांगते, कारण दार काही फक्त आमच्याच घरी फुगत नाही.

पहिली गोष्ट, दार अडलं की लगेच तासायला घ्यायचं नाही. आधी वरच्या बिजागरीचे स्क्रू बघायचे. ते सैल झाले की दार आपल्याच वजनाने झुकतं आणि कडीच्या बाजूला घासतं. स्क्रूचं भोक मोठं झालं असेल तर त्यात फेविकॉल लावून बांबूच्या काड्या ठोकायच्या, वाळल्यावर वरचा भाग कापून टाकायचा आणि मग स्क्रू पुन्हा बसवायचा. घट्ट बसतो. स्क्रूला मेणबत्ती घासली तर तो सहज फिरतो. मी साबण लावणार होते, तर काका म्हणाले, साबण ओल धरतो आणि स्क्रू गंजतो. आमच्या कडीचं झालं होतं ते याहून वेगळं नव्हतं.

दुसरी गोष्ट, दार कुठे घासतं ते अंदाजाने ठरवायचं नाही. चौकटीला खडू फासायचा आणि दार लावून उघडायचं. जिथे घासतं तिथे दाराला खडू लागतो. खडूची मला काय कमतरता!

तिसरी गोष्ट मला सगळ्यात नवलाची वाटली. लाकूड ओल्याने फुगतं ते आडवं, रुंदीत. उभ्या रेषांच्या दिशेने, म्हणजे लांबीत, जवळजवळ वाढतच नाही. म्हणून दार उंचीला तेवढंच राहतं आणि रुंदीला अडतं. आणि म्हणूनच भर पावसात फार तासायचं नाही. तेव्हा नीट बसेल इतकं तासलंत तर मार्चमध्ये फटीतून मांजर जाईल! घासतं तेवढंच काढायचं, कागदासारखी पातळ साल, आणि प्रत्येक वेळी दार लावून बघायचं. मग पाऊस संपून लाकूड वाळलं की दाराच्या सगळ्या कडा रंगवायच्या. आपण समोरची बाजू रंगवतो आणि खालची-वरची कड तशीच कोरी ठेवतो. पाणी नेमकं तिथूनच आत शिरतं.

रंधा धरायलाही काकांनीच शिकवलं. पातं बाहेर किती आलंय ते रंधा उलटा करून एका डोळ्याने बघायचं, केसाएवढंच दिसलं पाहिजे. लाकडाच्या रेषा ज्या अंगाला जातात त्या अंगाने चालवायचा, तंतू उखडू लागले की दिशा बदलायची. दाराची वरची कड तासताना एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न्यायचं नाही, दोन्ही टोकांकडून मध्यापर्यंत यायचं, नाहीतर शेवटी कोपरा फुटतो. आणि ठेवताना रंधा कुशीवर ठेवायचा, पात्यावर नाही.

मापाचा एक गमतीचा धडाही मिळाला. मेट्रिक मापांचा कायदा १९५६ साली झाला, पण सुताराच्या तोंडी अजून इंच आणि सूतच. एका इंचात आठ सूत, म्हणजे एक सूत साधारण तीन मिलिमीटर. ‘दोन सुती प्लाय’ म्हणजे सहा मिलिमीटरचा. एवढं ठाऊक असलं की दुकानदार आपल्याकडे जरा वेगळ्या नजरेने बघतो, हा माझा अनुभव आहे.

गणपतीच्या आठ दिवस आधी, एका रविवारी मी दाराला हात घातला. हे म्हणाले, ‘‘मी करू का?’’ मी म्हटलं, ‘‘तुम्ही चहा करा.’’ बिजागरीच्या खिळी काढून दार उतरवायला तेवढी त्यांची मदत घेतली. ते दोन बाकांवर आडवं टाकलं. रंधा घेऊन पहिला हात मारला आणि दार हललं, सरकलं, साल निघेना.

तेवढ्यात पडवीच्या दारातून सासूबाई आल्या. काही न बोलता दाराच्या दुसऱ्या टोकाला गेल्या, पदर खोचला आणि दोन्ही हातांनी दार घट्ट दाबून धरलं. ‘‘आता चालव,’’ म्हणाल्या. ‘‘आणि मागचा हात जरा खाली घे.’’

साल निघाली. पातळ, लांब, गोल गुंडाळी होऊन खाली पडली. सागवानाचा वास सुटला.

‘‘आई, तुम्हाला हे सगळं येतं?’’ मी विचारलं.

‘‘येत कसलं! चाळीस वर्षं फळी मीच धरली ना. पाळणा केला तेव्हाही मीच धरली होती. ते कापायचे, मी धरायची. हत्यार कधी हातात दिलं नाही त्यांनी.’’ थोडं थांबून म्हणाल्या, ‘‘मीही कधी मागितलं नाही.’’

मैत्रिणींनो, हे ऐकून मी गप्पच झाले. माझ्या शाळेतसुद्धा कार्यानुभवाच्या तासाला मुलांना लाकूडकाम आणि आम्हा मुलींना शिवण असे. १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगातून शिक्षणाचा विचार मांडला, हे मी परीक्षेत दोनदा तरी लिहिलं असेन. पण हातोडी कशी धरतात ते मला पस्तिशीपर्यंत ठाऊक नव्हतं. आणि आम्हीही कधी मागितली नाही.

त्या दिवसापासून पेटी माळ्यावर गेली नाही. काही हत्यारं गंजली होती, ती पॉलिश पेपरने घासून शिवणाच्या मशीनचं तेल चोळून ठेवली. दर पावसाळ्याआधी हे करायचं आता ठरूनच गेलं आहे.

पुष्कळ जणी विचारतात, घरात काय काय ठेवावं? अण्णांच्या पेटीएवढं नको. खिळे उपटता येतील अशी, पाव किलोच्या आसपास वजनाची हातोडी, एक पक्कड, दोन स्क्रू-ड्रायव्हर, एक सपाट तोंडाचा आणि एक दुकानदार ज्याला ‘स्टार’ म्हणतात तो, मोजायची टेप, काटकोन बघायला गुण्या, बारीक दातांची हातकरवत, अर्ध्या इंचाची पटाशी, एक कानस, छोटा रंधा, भोक पाडायला गिरमिट. पॉलिश पेपर तीन तरी असावेत, ८०, १२० आणि २२० नंबरचे. आकडा लहान तितका कागद खरखरीत. सोबत फेविकॉल, थोडे खिळे, थोडे स्क्रू. एकदम घेऊ नका. ज्या कामाला जे लागेल ते त्या वेळी घ्या, पण बरं घ्या. बॅटरीवर चालणारी ड्रिल मशीनही आता मिळतात आणि सोयीची आहेत, पण आधी हाताला सवय होऊ द्या.

काही खुणा माझ्या चुकांतून आलेल्या. बारीक खिळा बोटात न धरता जुन्या कंगव्याच्या दातांत धरा, अंगठा वाचतो. फळीच्या टोकाशी खिळा मारायचा असेल तर खिळ्याचं टोक हातोडीने जरा बोथट करून घ्या, फळी चिरत नाही. हातोडी मुठीच्या शेवटाला धरा, गळ्याला नाही. करवतीचे पहिले दोन-तीन हात आपल्याकडे ओढून घ्या, मग सावकाश लांब हात चालवा, आणि रेघेच्या टाकाऊ बाजूने कापा, कारण करवतीचे दातही जागा खातात. पटाशीच्या समोर आपला दुसरा हात कधीही ठेवू नका. बटणाच्या बोर्डाच्या वर, खाली किंवा बाजूला भिंतीत खिळा ठोकू नका, आतून वायर गेलेली असते. विजेचं काम, छपराचं काम आणि कुजलेली चौकट ही ज्याची त्यालाच करू द्यावी. माझी काही सुतारकाकांशी स्पर्धा नाही. चौकटीला वाळवी लागलेली दिसली तेव्हा मी त्यांनाच बोलावलं.

मागच्या वर्षी गणपतीच्या आदल्या दिवशी अण्णांनी केलेला चौरंग हलायला लागला. एका पायाचा स्क्रू ढिला झाला होता. मी चौरंग उलटा केला, मेणबत्ती घासून स्क्रू भोकात उभा केला आणि स्क्रू-ड्रायव्हर सासूबाईंच्या पुढे धरला.

‘‘आई, आज पाय मी धरते.’’

‘‘चल, काहीतरीच!’’ म्हणाल्या. पण हात पुढे झाला होता. दोन वेळा घसरला. तिसऱ्या वेळी बसला. त्या फिरवत राहिल्या, जीभ दातांत धरून, माझी मुलगी चित्र रंगवताना धरते तशी. शेवटी चौरंग सरळ करून त्यांनी हाताने दाबून पाहिला. हलला नाही. मग पदराने पुसला आणि काही न बोलता गणपतीच्या जागी नेऊन ठेवला.

पेटीची किल्ली आता देव्हाऱ्याच्या खणात नसते. स्वयंपाकघरात, किसणीच्या शेजारी एका खिळ्याला अडकवलेली असते. खिळा मीच ठोकला आहे. जरासा वाकडा आहे, पण पक्का आहे.